आधी करवली

"सिस्टरबाई, बाकीच्या सिस्टरा तुमच्या तोंडाला भिऊन पळाल्या का?"

वच्छीनं विचारलं, आणि दाराआड तिच्या मैत्रिणी बायना नि तानू तोंडात पदर कोंबून हसायला लागल्या. पैज त्यांचीच होती. पायात मोडलेला काटा काढून घ्यायला वच्छी शाळेतून परभणीच्या दवाखान्यात आली होती. हे विचारून दाखवलं, तर आठवडाभर तिचं दप्तर त्या दोघी उचलणार होत्या.

मनकर्णा सिस्टरनी पट्टीची गाठ करकचून आवळली. "पळायला आधी यावं लागतंय, भवाने! नर्स म्हणलं की आईबाप पोरीला कोंडून घालायलेत. सगळ्या दवाखान्याला मी एकटीच हाय."

तेवढ्यात फाटकात एकच गलका उठला. पिंगळीच्या वाटेवर वऱ्हाडाची बैलगाडी उलटली होती. कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाचा हात लोंबलेला, आणि सगळे एकदम ओरडायलेले. डॉक्टरसाहेब आत एका बाईचं पोट उघडून बसलेले. बाहेर सिस्टर एकट्या.

"आधी नवरदेव!" नवरदेवाचे मामा व्यंकटराव गरजले. "लग्न लागायचंय अजून!"

"मेलो गं माय!" नवरदेवानं कोपर धरून हंबरडा फोडला. बाशिंग कानावर आलेलं. पाच बायकांनी सिस्टरला ओढत त्याच्यापाशी नेलं.

वच्छी धनगराची पोर. मेंढ्या व्यायच्या दिवसांत तिचा बाप मल्हारी तिला एकच सांगायचा, की ओरडणारी मेंढी दम धरती, गप पडलेली आधी बघ. तिची नजर आपोआप गप माणूस हुडकायला लागली.

भिंतीला टेकून करवली बसली होती, नवरदेवाची धाकटी बहीण. मांडीवर पाण्याचा मानाचा करा, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. घरून निघताना तिला बजावलं होतं, करा खाली ठेवायचा न्हाई. पोरगी ठेवत नव्हती. येणारा-जाणारा म्हणायचा, "लय शहाणी हाय!" पण तिचे ओठ राखेसारखे झाले होते.

"करा दे गं मला," वच्छी म्हणाली.

"खाली ठेवशील."

"न्हाई ठेवत. खंडोबाची आण!"

वच्छीनं करा उचलला. खालचा परकर रक्तानं थबथबला होता. गाडीचा खिळा मांडीत घुसून निघाला होता.

"सिस्टर! हिला आधी!"

"ए पोरी, नवरदेवाचा मान..." व्यंकटरावांनी वाट अडवली.

"मामा, तुमचा नवरदेव आमच्या सगळ्या कळपापेक्षा मोठ्यानं ओरडायलाय. त्याला काय धाड भरलीय? सरा!"

वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या फिसकन हसल्या. पण नवरदेवाचं लक्ष बहिणीकडे गेलं आणि त्याचं ओरडणं जागीच थांबलं. बाशिंग भिरकावून त्यानं करवलीला उचलून सिस्टरपुढं आणलं, दुखऱ्या कोपरासकट. सिस्टरनी जखमेवर कापसाचा बोळा दाबला, वच्छीचा हात त्यावर ठेवला. "दाब. मी म्हणंस्तोवर सोडायचं न्हाई." वच्छीनं दाबला. दुसऱ्या हातात करा होताच. तो तिनं व्यंकटरावांच्या हाती दिला. "तुमी धरा. खाली ठेवू नगा!" अन् मामा खरंच मुकाट उभे राहिले.

बायना, तानू हसायचं विसरून गरम पाणी आणायला पळाल्या. डॉक्टरसाहेब बाहेर आले, टाके पडले, पोरीनं पाणी मागितलं. तेव्हा कुठं सिस्टर स्टुलावर बसल्या. लगेच उठल्याही, डोकी फुटलेले अजून रांगेत होतेच.

दिवेलागणीला वच्छी लंगडत घरी आली. परकरावर रक्ताचे डाग बघून तिच्या आईनं, कासाबाईनं, कपाळ बडवून घेतलं. "आगं, उद्या तुला बघायला वालूरचे पाव्हणे येणार हायेत! ह्या अवतारात?"

"येऊ द्या. चहा पाजून वाटंला लावा," वच्छी म्हणाली. "बा, माय, मी मॅट्रिक करणार अन् नर्स होणार. तितं सिस्टर एकटी हाय. आता दोघी होणार."