सदतिसाव्या पानावर थांबायचं

या, सरकून जरा जवळ बसा. देवाने आज सूर लावून दिलाय, तर एक गोष्ट सांगते. यंत्राला अडखळायला शिकवणाऱ्या माझ्या धाकट्या वहिनीची.

वहिनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात होती, मी तिथेच देवघेवीच्या टेबलावर. दृष्टी नसलेल्या विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून दाखवायची, हे तिचं काम. गळा असा, की तर्कशास्त्राचा कोरडा ग्रंथही भजनासारखा कानात उतरायचा. मग त्या गळ्याचंच ऑपरेशन झालं. आवाज गेला, कुजबुज उरली. आणि तिच्या लाडक्या विद्यार्थिनीचा प्रबंध शेवटच्या प्रकरणावर येऊन अडलेला. मुदत टळली असती, तर पोरीची सगळी वर्षं पाण्यात.

तेव्हा ग्रंथपालांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचं वाचनयंत्र आणलं. पानाचा फोटो काढला, की ते घडाघडा वाचू लागे.

"बघ, दमत नाही, मध्येच चहा मागत नाही," मी म्हटलं.

"टोमणा पोचला हो, वन्सं," वहिनी कुजबुजली.

काम झपाट्याने सरकत होतं. एका सकाळी मात्र पानं मोजत ऐकता ऐकता विद्यार्थिनी ओरडली, "थांबवा! हे कितवं पान?"

मी पाहिलं. "सदतीस."

"मग हे अडखळलं कसं नाही? पुस्तक कुठलंही असो, ताई या पानावर अडखळायच्याच!"

चोरीला गेलेलं पुस्तक ओळखता यावं, म्हणून आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाच्या सदतिसाव्या पानावर गुप्त शिक्का मारतात. तोही इतका दणकून, की एकदोन ओळी शाईत बुडतात. वहिनी तिथे पुस्तक तिरकं धरून, डोळे बारीक करून वाचायची. एवढं जपलेलं आमचं गुपित, आणि ही पोरगी नुसत्या कानाने ओळखून बसलेली!

वहिनीने पुस्तक खिडकीशी नेलं. शाईखाली लेखकाने 'हे मला मान्य नाही' असं लिहिलं होतं. यंत्राने मनानेच गुळगुळीत वाचलं होतं, 'हे सर्वांना मान्य आहे.' आणि पोरीचं प्रकरण त्याच वाक्यावर उभं राहायचं होतं!

ग्रंथपाल तापले. "आजच परत पाठवतो हे खोटारडं!"

"नको हो सर," पोरगी म्हणाली. "मग मला वाचून कोण दाखवणार, तुम्ही? तुम्ही तर सूचना वाचतानाही जांभया देता."

आम्ही हसलो. वहिनीने हातानेच सगळ्यांना गप्प केलं. "गाणाऱ्याला कडवं आठवलं नाही, तर तो तालावर थांबतो. पदरचं घुसडत नाही. यालाही तेवढंच शिकवू या."

संगणक विभागातल्या दादाला तिने शेजारी बसवून घेतलं. शिक्क्यांची, डागांची, वाळवीने खाल्लेली पानं ती पुढे करत गेली, तो यंत्राला बजावत गेला: दिसत नसेल तिथे अंदाज नको, थांबून तसं सांग. मग एका दुपारी पुन्हा सदतिसावं पान आलं आणि यंत्र थांबलं.

"इथे शिक्का आहे. ताईंना विचारा."

"आता कसं घरचं वाटतंय!" पोरीने टाळी वाजवली.

प्रबंध मुदतीत गेला. आता त्या खोलीत कितीतरी जण कानाला हेडफोन लावून बसतात, मधोमध वहिनी. यंत्र थांबलं, की पुस्तक खिडकीशी जातं आणि तिची कुजबुज त्या कानात पोचते.

तुम्हाला वाचून दाखवता दाखवता एखादं यंत्र कधी थांबलं, 'हे मला दिसत नाही' असं सरळ म्हणालं, तर माझ्या वहिनीची तेवढी आठवण काढा.