शनिवारचं तेल

मी दांडा बोलतोय, हातोडीचा दांडा. काम नीट झालं की लोक म्हणतात, "काय हातोडी चालते हो तुमची!" डोकं लोखंडाचं, म्हणून कौतुक सगळं त्याचं. त्याला मानेवर घेऊन मी बत्तीस वर्षं राबलो, पण माझं नाव कुणी काढत नाही. असो. रुसायची मला सवयच आहे, मनावर घेऊ नका.

माझे मालक जुन्या खुर्च्यांना आणि सोफ्यांना नवं कापड चढवतात. सगळी गल्ली त्यांना खुर्चीवाले काका म्हणते. मोडक्या आरामखुर्चीच्या पायातून त्यांनी मला तासून काढलं, मधूनमधून स्वतःच्या मुठीत धरून बघत. मग डोक्यात पाचर ठोकून मला बसवलं आणि त्याच दिवशी कामाला जुंपलं.

या कामात खिळे ओठांत धरावे लागतात. एका वेळी दहा-बारा. एकेक काढायचा, कापडावर टेकवायचा, की माझा टोला. त्यामुळे काका दिवसभर जवळजवळ मुकेच. कुणी काही विचारलं की नुसतं "हं."

त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा माझंच एक कुसळ त्यांच्या तळहातात घुसलं. हात टरारून सुजला, आठ दिवस दुकान बंद. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता काकू मला चुलीत घालणार. पण त्या आल्या त्या जवसाच्या तेलाची बाटली आणि जुन्या बनियनचं फडकं घेऊन.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी काकू दुकानात यायच्या आणि काकांसमोरच्या स्टुलावर बसायच्या. काका धाकट्या हातोडीवर काम रेटायचे आणि मी काकूंच्या मांडीवर. आधी बारीक काचपेपरचा हात, जेमतेम फिरवल्यासारखा. मग तेल. तेलकट फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही, आपोआप पेट घेतो, म्हणून ते बाहेर तारेवर पसरून वाळवायचं. हे सगळं त्या करता करता मोठ्यानं सांगायच्या.

"ऐकताय ना? तीनच थेंब. पाच मिनिटं पिऊ द्यायचं त्याला, मग कोरडं पुसून काढायचं. नाहीतर चिकट होतो."

"हं."

एकदा मात्र काकांनी ओठांतले खिळे काढून थट्टा केली. "दांड्याला एवढं चोळतेस, माझे खांदे दुखतात ते दिसत नाही का?"

"तुम्हाला तोंड आहे," काकू म्हणाल्या. "दुखलं की बोंबलता. त्याला कुठंय?"

मला त्या क्षणी काकू फार आवडल्या. आठवडाभर काकांच्या घामाचा हात आणि शनिवारी काकूंच्या तेलाचा. मी तपकिरी झालो, मऊ झालो, अंगठ्याच्या जागी मला छोटी खळी पडली. लाकडाच्या जन्माला येऊन आणखी काय हवं?

दोन वर्षांपूर्वी काकू आजारी पडल्या आणि महिन्याभरात गेल्या.

बाटली फळीवर तशीच राहिली. काका तिच्यावरची धूळ पुसायचे आणि परत जागेवर ठेवायचे. शनिवारी संध्याकाळी समोरच्या स्टुलावर कुणी नसायचं. मी वाळत गेलो. रंग राखाडी झाला, अंगावर बारीक भेगा पडल्या, डोकं डुगडुगायला लागलं. खिळे नसले तरी काकांचे ओठ मिटलेलेच.

मग एकदा लेक आली. "बाबा, काय अवस्था केलीत हो याची! आईनं किती जपला होता!" मला पिशवीत घालून घेऊन गेली. पाचर घट्ट करून आणली आणि वर व्हार्निशचे तीन हात दिले. मी आरशासारखा चकचकायला लागलो.

"बघा, नव्यासारखा झाला की नाही?"

"हं. छान," काका म्हणाले.

लेकीची माया खरी होती, तिला मी नावं ठेवणार नाही. पण घामेजलेल्या हातातून मी सटकायला लागलो. काकांनी मला आवळून धरलं, तर संध्याकाळपर्यंत तळव्याला फोड. त्यांनी लेकीला कळू दिलं नाही. मला बाटलीशेजारी फळीवर ठेवलं आणि धाकट्या हातोडीवर भागवायला लागले. मीही एकटा, बाटलीही एकटी, आणि खाली काका. चार महिने आम्ही तिघं एका खोलीत असे होतो.

गेल्या महिन्यात एक जाडजूड लाकडाचा सोफा आला. धाकटीला तो झेपेना. काकांनी मला खाली काढलं आणि काचेच्या तुकड्यानं दुपारभर खरवडून सगळं व्हार्निश उतरवलं. मला उघडं वाटलं, पण बरं वाटलं. मग त्यांनी बाटली घेतली. बूच घट्ट बसलं होतं, ते दातांनी उपसलं. बाटली माझ्यावर तिरपी धरली आणि तसेच थांबले.

"अगं, किती थेंब?"

स्टुलाकडे बघूनच विचारलं त्यांनी. सवयीनं तोंडातून गेलं आणि मग त्यांचं त्यांनाच उमगलं. तीस वर्षं ऐकून "हं" म्हटलं होतं, आणि आता एक आकडा आठवत नव्हता. मग त्यांनी ओंजळभर तेल माझ्यावर ओतलं आणि न पुसताच मला फळीवर ठेवलं.

सकाळपर्यंत मी गुळासारखा चिकट. अंगाला कापसाचे तंतू लागले. काकांनी खरवडलं. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच: बाटली तिरपी, तोच प्रश्न, तेच जास्तीचं तेल. लेक फोनवर म्हणाली, "रबराच्या मुठीची नवीन घ्या ना, बाबा." ते म्हणाले, "नको." नुसतं "हं" नाही, चक्क "नको."

आज शनिवार आहे. बाटली तळाला आली आहे, आणि समोर बसून ते तेच विचारणार आहेत. उत्तर ठाऊक असलेला या खोलीत मी एकटा.

म्हणून तुम्हाला एवढं सगळं सांगितलं. कधी मोडकी खुर्ची घेऊन त्या दुकानात गेलात, तर काकांना सांगा: तीन थेंब, पाच मिनिटं, मग कोरडं पुसायचं. माझं नाव नाही काढलंत तरी चालेल, काकू म्हणायच्या असं सांगा. तुम्हाला तोंड आहे.