अवसरीच्या फणीची साक्ष

मी फणी. मला कंगवा म्हणू नका, त्याचं नि माझं जमत नाही. कंगवा शर्टाच्या खिशात मिरवतो, आरशासमोर उभा राहतो, भांग पाडतो. माझं काम भांगाच्या खाली चालतं. मध्ये बोटभर लाकूड आणि दोन्ही बाजूंना बारीक दात, एवढाच माझा देह. मुलीच्या लग्नात तिच्या पेटीत मला आठवणीने टाकतात, पण रुखवतात मांडत नाहीत. मांडली तर पाहुणे विचारतील, हिची गरज काय पडली.

ज्याने मला घडवलं त्याचं नाव मला माहीत नाही. हात आठवतात. बारीक करवतीने तो एकेक दात कापायचा आणि फुंकर मारून भुसा उडवायचा. त्याच्याकडून सुया, दाभण, काळे मणी विकणाऱ्या एका बाईने मला घेतलं आणि मंचरच्या बाजारात गोणपाटावर मांडलं. तिथे पंच्याण्णव साली अवसरी बुद्रुकच्या रत्नाने मला उचललं. नखाने माझे दात वाजवून बघितले, एक फणी परत ठेवली, मला घेतलं. पदराखाली लपवून घेतलं, हेही सांगते. शेजारीण बरोबर होती.

रत्नाचा नवरा चांगदेव शिंपी. म्हणजे धंद्याने, घरच्या ओट्यावरच त्याचं मशीन होतं. जत्रेआधी आणि लग्नसराईत लोकांची रीघ लागायची. चांगदेवचे केस दाट, मागे मानेवर रुळणारे, त्या वेळच्या हिरोंसारखे. दिवसातून चार वेळा कंगवा फिरायचा. त्याची आई आक्काबाई, पाचवीतली मुलगी कल्याणी आणि पहिलीतला मुलगा राजरत्न, असं पाच जणांचं घर. त्या घरात उवा मात्र पाचांपेक्षा पुष्कळ जास्त होत्या.

रत्ना दर रविवारी कल्याणीला पुढ्यात घेऊन बसायची. केस कमरेपर्यंत. मी वरून खाली, खालून वर. निघालेली ऊ रत्ना दोन अंगठ्यांच्या नखांत धरायची आणि बारीक आवाज यायचा. संध्याकाळी डोकं साफ. पुढच्या रविवारी पुन्हा तेवढ्याच. रत्नाला वाटायचं मीच बोथट झाले. पण मी काही आंधळी नव्हते. कल्याणीच्या डोक्यात मला भेटणाऱ्या उवा चांगल्या पोसलेल्या, कुठून तरी नव्याने आलेल्या असायच्या.

"आत्या, तुमचं बी बघते," रत्ना म्हणायची.

"माझ्या डोक्यात काय रायलंय. चार केस," आक्काबाई डोकं खाजवत म्हणायची.

"अवो, तुमचं?"

"बायकांच्या केसात व्हतात उवा," चांगदेव मशीनवरून मान वर न करता म्हणायचा. "आमाला कुठला येळ."

शहाण्णवच्या डिसेंबरात एका दुपारी कल्याणी शाळेतून आली आणि दप्तर न काढताच ओट्यावर बसली. रत्नाने तिला पुढ्यात ओढलं, वेणी सोडली. मी केसात असतानाच मला ते सगळं ऐकू आलं.

"बाईंनी मला शेवटच्या बाकावर बसवलं. एकटीला. आन् नाचातनं काढलं."

दीड महिन्याने गॅदरिंग होतं. शेवटच्या कडव्याला वेणी फिरवत मध्ये यायचं काम कल्याणीला मिळालं होतं. वेणी होती म्हणूनच मिळालं होतं.

"काय केलंस तू?"

"काय नाय. कॉलरवर ऊ दिसली. सगळ्यांसमोर म्हणल्या, वस्तीतनं येताना डोकी धुऊन येत जा."

रत्नाचा हात थांबला. मीही थांबले. वस्ती म्हणजे कुठली, हे अवसरीत कुणाला विचारावं लागत नाही.

"बाकीच्या पोरी खाजवत नाहीत का गं?"

"खाजवतात की. बाईंची पोरगी बी खाजवती. ती माझ्याच बाकावर असायची."

या शिंगोटे बाईंनी आपल्या मुलीला उचलून पहिल्या बाकावर बसवलं होतं. तिच्या केसातल्या उवा तिच्याबरोबर पहिल्या बाकावर गेल्या, आता त्यांचं कोण काय करणार.

आक्काबाईने तिथल्या तिथे निकाल दिला. "केस काप तिचं. केस काय, परत येत्याल."

कल्याणीने वेणी फ्रॉकच्या आत खुपसली आणि दोन दिवस कुणाला बाहेर काढू दिली नाही. जेवताना, अभ्यास करताना, पाणी भरताना वेणी आत. रत्नाने कात्री मशीनच्या खणात ठेवून दिली आणि सासूला म्हणाली, "केस नाय कापायचं, आत्या. उवा मारू. उवा तिनं नाय जन्माला घातल्या."

मग घरात शास्त्रज्ञ जागे झाले. आक्काबाईने सीताफळाच्या बिया कुटल्या. पूड उडून तिच्याच डोळ्यांत गेली, दोन दिवस डोळे लाल, उवा ठणठणीत. शेजारच्या कोंडाबाईने रॉकेल सुचवलं. ते लावलं, कल्याणीच्या मानेवर फोड आले आणि तिला तीन दिवस चुलीच्या बाजूला जाऊ देईनात. कापूर झाला, कडुलिंब झाला. प्रत्येक उपायानंतर मला केसात घालायचे आणि प्रत्येक वेळी मी जिवंत साक्षीदार घेऊन बाहेर यायचे.

शेवटी चांगदेवला पुरुषी उपाय सापडला. गेणभाऊ नावाचा त्याचा दोस्त, टोमॅटोचा बागायतदार. त्याने टोमॅटोवर फवारायची पावडर कागदात गुंडाळून दिली. "नागअळी मरती राव, उवा काय घेऊन बसला."

रत्ना नको म्हणाली. चांगदेव म्हणाला, "तुझी फणी वरीस झालं घासतीय. काय झालं?" त्याने स्वतः तेलात पावडर कालवली आणि मुलीच्या डोक्याला चोळली, वर फडकं बांधलं. माझा अपमान झाला त्याचं सोडा. अर्ध्या तासात कल्याणीला मळमळायला लागलं. मग उलटी. मग तोंडातून लाळ गळायला लागली आणि तिला नीट उभं राहता येईना.

रत्नाने फडकं ओढून काढलं, तिचं डोकं साबणाने धुतलं आणि गेणभाऊच्याच मोटरसायकलवर तिला मधे धरून मंचरला नेलं. चांगदेव मागून जीपने गेला. तिथलं मी रत्नाच्या तोंडून ऐकलं. डॉक्टरांनी पुन्हा डोकं धुवून घेतलं, इंजेक्शनं दिली, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. पोरगी धोक्याबाहेर आहे म्हटल्यावर ते चांगदेवकडे वळले.

"पोरीच्या डोक्यात टोमॅटो लावलाय का?"

उत्तरासाठी न थांबता त्यांनी पुढे विचारलं,

"घरात अजून कोणाकोणाला आहेत?"

"कोणाला नाय," चांगदेव म्हणाला आणि सवयीने कानामागे खाजवलं.

डॉक्टरांनी त्याच्या बोटांकडे बघितलं. मग रत्नाला म्हणाले, "ताई, एका डोक्याच्या उवा मारून काही होत नाही. सगळ्यांची डोकी एका दिवशी. ओले केस, बारीक फणी, दर तीन दिवसांनी, पंधरा-वीस दिवस. लिखा फुटून बाहेर येतात त्या मोठ्या व्हायच्या आत धरायच्या. उशा-गोधड्या उकळत्या पाण्यात. बाकी काही लावू नका."

एवढ्या शिकलेल्या माणसाने माझं नाव घेतलं. त्या दिवसापासून मला डॉक्टर आवडतात.

घरी आल्यावर चांगदेवने मशीनला हात लावला नाही. लेकीशेजारी बसून राहिला, तिच्या पायावर हात ठेवून. सकाळी रत्नाने अंगणात पाणी तापवलं, गोधड्या बुडवल्या, शिवणातला मांजरपाट कापडाचा पांढरा तुकडा उन्हात अंथरला. सासूचे चार केस विंचरले. त्यात एकोणीस निघाल्या. राजरत्नच्या बारीक केसांतही निघाल्या. मग चांगदेव आपणहून उठून आला.

"माझं बी बघ," तो म्हणाला. "पण आत चल. दार लाव."

"आत अंधार हाय," रत्ना म्हणाली. "उवा उजेडात दिसत्यात."

तो बसला. मी त्या प्रसिद्ध केसांत पहिल्यांदाच शिरले आणि वर्षभराचं कोडं एका फेरीत सुटलं. कानांमागे, मानेवर, जिथे हिरोचे केस रुळतात तिथे उवांचं गावठाण होतं. लेकरं बापाच्या कुशीत झोपायची, डोक्याला डोकं लावून. तेवढ्यात गेणभाऊ पायजमा न्यायला आला आणि अंगणात थबकला.

"काय चाललंय, राव?"

"त्रेसष्ट," रत्ना म्हणाली. "अजून मागची बाजू रायलीय. भाऊ, तुमचं बी बघू का?"

गेणभाऊ पायजमा न घेताच गेला. जाताना त्याचा हात टोपीत होता.

वीस दिवस रत्नाने एक पाळी चुकवली नाही. पाच डोकी, तिचं स्वतःचं आक्काबाईच्या हाताने. शेवटच्या दोन पाळ्यांना मांजरपाट कोराच्या कोरा राहिला. कल्याणी मात्र अजून शेवटच्या बाकावरच होती आणि गॅदरिंगला आठ दिवस उरले होते.

मग रत्नाने मला मुठीत धरलं, मांजरपाट काखेत घेतला आणि मधल्या सुट्टीआधी शाळेत गेली.

"बाई, माझ्या पोरीचं डोकं तपासा."

शिंगोटे बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अहो, असं वर्गात कसं? सुट्टीत बघू."

"वर्गातच काढलं व्हतं ना तिला."

बाई हात पुढे करेनात. "मी इंचरते, तुमी नुसतं बघा," रत्ना म्हणाली. टेबलावर पांढरं कापड पसरलं, कल्याणीची वेणी सोडली आणि मला दहा वेळा मुळापासून टोकापर्यंत ओढलं. मी जन्मात इतकं मन लावून काम केलं नाही. एक केस पडला, बाकी काही नाही. बाईंनी चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं.

"बरं, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "या आता."

रत्ना कापड गुंडाळत होती तेवढ्यात पहिल्या बाकावरून बाईंची मुलगी उठली आणि थेट येऊन तिच्यापुढे मान वाकवून उभी राहिली. "काकू, माझं पण बघा ना. खूप खाजतं. आईला सांगितलं तर ती म्हणते आपल्याकडे उवा नसतात."

रत्नाने बाईंकडे बघितलं. बाई फळ्याकडे बघत होत्या. फळ्यावर काही नव्हतं. रत्नाने मला हळूच फिरवलं. सात पडल्या. त्यातली एक पांढऱ्या कापडावरून हजेरीच्या वहीकडे चालत निघाली. मागून रांग लागली. पंचवीस-तीस पोरी, मोठ्या घरातल्या, वाड्यांतल्या, मळ्यांतल्या. घंटा होईपर्यंत मी दमून गेले. कापडावर सगळ्या गावच्या उवा एकत्र चालत होत्या आणि कोणती कुठल्या आळीतली, ते मलासुद्धा ओळखता आलं नसतं.

तीन दिवसांनी शिंगोटे बाई चांगदेवच्या ओट्याशी आल्या. हातात ब्लाऊजपीस होता. माप द्यायचं राहिलं आणि त्या आवाज खाली आणून रत्नाला म्हणाल्या, "फणी मिळेल का जरा? मुलीसाठी."

"झोपताना तिच्या शेजारी कोण असतं?"

"मीच," बाई म्हणाल्या. बोलता बोलता बोट अंबाड्यात गेलं.

"मग बसा."

बाईंनी रस्त्याकडे बघितलं. नळावरून बाया परतत होत्या, कोंडाबाई दारात उभी होती. "आत बसू का?"

चांगदेवने मशीन थांबवलं. "आत अंधार हाय, बाई," तो म्हणाला आणि पुन्हा पायंडल मारायला लागला.

बाई ओट्यावर बसल्या. रत्नाने त्यांचं डोकं आपल्या गुडघ्याला टेकवून घेतलं, पोरीचं घेते तसं. अर्धा तास माझं काम चाललं. किती निघाल्या ते रत्नाने मोजलं, पण सांगितलं नाही. नवऱ्याला जे सोसावं लागलं ते तिने बाईंना सोसायला लावलं नाही. ते मला तेव्हा पटलं नव्हतं.

उठताना बाई म्हणाल्या, "कल्याणीला उद्यापासून तिच्या जागेवर बसू दे. नाचातही येऊ दे."

"वर्गात सांगा," रत्ना म्हणाली. "काढताना सांगितलं तसं."

बाईंनी सांगितलं. पण हळू आवाजात, असं कल्याणी घरी येऊन म्हणाली. इतक्या हळू, की शेवटच्या बाकापर्यंत पोचलं नाही. म्हणून ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, परत सांगता का? ऐकू नाय आलं." बाईंना परत सांगावं लागलं. नाचात मधली जागा तोवर दुसरीला दिलेली होती. कल्याणी दुसऱ्या ओळीत नाचली. आक्काबाईला दुसरी ओळ दिसलीच नाही, तरी ती टाळ्या वाजवत होती.

या गोष्टीला आता दहा वर्षं झाली. कल्याणी पुण्यात नर्सिंग शिकते. मी बिस्किटाच्या डब्यात, दोऱ्यांच्या रिळांखाली असते. माझे सात दात गेलेत, काही फार प्रतिष्ठित डोक्यांत. आता मेडिकलमध्ये बाटल्या मिळतात, जाहिरातीतल्या मुली केस उडवत हसतात आणि उवा त्या केसांत मजेत राहतात. कुणाची तरी पोर अजून येते, "आईनं ते मागितलंय" म्हणते. ते म्हणजे मी. माझं नाव घेत नाहीत. परत येताना मी कागदात गुंडाळलेली असते, रत्ना मला उकळत्या पाण्यात टाकते आणि कुणाकडून आले ते विसरते. मी विसरत नाही, पण बोलणार नाही. वयाबरोबर मलाही ते रत्नाचं पटायला लागलंय.

माझे दात आहेत तोवर एवढंच मागते. डोकं खाजायला लागलं तर लगेच शेजारच्या बाकाकडे, शेजारच्या आळीकडे बघू नका. उन्हात या, पांढरं फडकं पसरा, दार उघडं असू द्या. आणि मान खाली घाला. तुम्ही कितीही मोठे असा, ती खाली घातल्याशिवाय मला काही करता येत नाही.