सासू-सुनेचं एकच माप

माझ्या सुनेचं लग्न ठरल्याचं कळताच जाऊबाईंचा फोन आला. "तुम्ही जाणार? कुठल्या नात्यानं?"

"पाहुणी म्हणून," मी म्हटलं. "आमंत्रण आलंय. मागच्या खुर्चीवर बसणार, जेवणार आणि घरी येणार. तुमचं काही म्हणणं?"

त्यांचं काही म्हणणं नव्हतं. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे साऱ्या घराण्याला ठाऊक आहे, त्यामुळे माझे फोन नेहमी लवकर संपतात.

माझा मुलगा गेला त्याला हा चौथा हिवाळा. तो गेल्यावर सून आमच्याकडेच राहिली. कुणी राहा म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. सकाळी दातांच्या दवाखान्यात कामाला जायची, संध्याकाळी माझ्या शिलाईच्या खोलीत येऊन सुटलेली बटणं लावत बसायची. मग तिला एक भला माणूस भेटला. गाड्यांच्या काचा बसवतो. घरी आला, चहा घेतला, आमच्या मुलाचा फोटो नीट पाहिला आणि म्हणाला, "फार हसरा होता." मला चिडायलासुद्धा जागा ठेवली नाही मेल्यानं. मीच तिला म्हटलं, "कर लग्न." मनापासून म्हटलं. पण मनापासून म्हटलं म्हणजे दुखत नाही, असं थोडंच आहे?

लग्न ऐन थंडीत, तळ्याकाठच्या मोकळ्या हिरवळीवर. सून तोवर दवाखान्याजवळच्या खोलीत राहायला गेली होती. तिथून तिचा फोन आला. "आई, तुम्ही फक्त या. मागे हीटरजवळ खुर्च्या ठेवल्यात, तिथं बसा. थंडी सोसली नाही तर लवकर निघा. कसला त्रास करून घेऊ नका."

या, बसा, निघा. असं कुणाला म्हणतात? पाहुण्यांना. ज्या पोरीनं माझ्या आजारपणात माझे केस विंचरले, तिच्या लेखी मी आता खुर्चीवर नेऊन बसवायची बाई झाले होते. मी ह्यांच्यापुढे धुसफुसले, तर हे म्हणाले, "अगं, तुझ्या पायांच्या काळजीनं म्हणाली ती." हे पाण्याच्या खात्यात मीटर वाचायचे. समोर दिसेल तो आकडा वाचायचा आणि पुढच्या दारी जायचं, ही जन्माची सवय. आत कुठं गळतंय ते ह्यांना काय दिसणार?

मग मी ठरवलं, पाहुणी तर पाहुणी. पायात असं काही घालीन की बघणाऱ्याला वाटावं, बाई अगदी मजेत आहे. नाजूक पट्ट्यांच्या, किंचित टाचेच्या सँडल. लोकरीचे मोजे आणि जाडजूड बूट घालून गेले तर लोक म्हणणार, बिचारी. बिचारी म्हणवून घेण्यापेक्षा गारठलेली बरी.

आता पायांतल्या जोड्यांच्या बाबतीत आमच्या घरात एक पद्धत होती, ती सांगितली पाहिजे. मला नवा जोडा चावतो. पहिल्याच दिवशी टाचेला फोड. सून घरात आली तेव्हा तिनं माझ्या पायाशी पाय लावून पाहिला आणि म्हणाली, "आई, आपलं माप एकच की!" तेव्हापासून दुकानात तीच जायची. जोडा आणायची, आठवडाभर घरात स्वतः घालून मऊ करायची आणि मग माझ्या पायांत द्यायची. मला त्याचं केवढं कौतुक! येईल त्या गिऱ्हाइकाला मी सांगायची, सासू-सुनेचं एकच माप, चार नंबर, असं कुठं पाहिलंय का? फक्त त्या आठवड्यात ती घरभर फटक-फटक चालायची त्याचा मला ताप व्हायचा. "पाय उचलून चाल गं," मी मशीनवरून ओरडायची. "हो आई," म्हणायची आणि पुन्हा फटक-फटक.

ह्या खेपेला मात्र दुकानात मलाच जावं लागलं. ह्यांना बरोबर घेतलं. दुकानातली मुलगी बाह्यांत हात ओढून बसली होती.

"लग्नाला जायचंय," मी म्हटलं. "नाजूकसं काहीतरी दाखव. चार नंबर."

"लग्न आत आहे का बाहेर?"

"बाहेर. हिरवळीवर."

"मग तिथं बसणार का उभ्या राहणार?"

"पाहुणी आहे मी. पाहुण्या बसतात."

तिनं सँडल आणल्या. माझा पाय अर्ध्यात अडला. मी म्हटलं, ह्या कंपनीचं मापच चुकलंय. तिनं दुसरी कंपनी आणली. तीही चुकली होती. तिसरीही चुकल्यावर मुलीनं मापाची पट्टी आणली आणि माझा पाय तिच्यावर ठेवला.

"सहा," ती म्हणाली.

"चार."

"सहा, मावशी. आणि तेही जरा रुंदच घ्यावं लागेल."

"हे मी घालून आलेय ना, ते चार नंबरच आहेत!"

तिनं माझा जुना बूट उचलला. आत पाहिलं, आकडा कधीच पुसून गेलेला. मग तिनं बूट उलटा केला, तळाच्या खोलगट भागातली वाळलेली माती अंगठ्यानं खरवडली आणि माझ्यापुढे धरला. ठसठशीत सहा.

साऱ्या गल्लीच्या छातीचं आणि कमरेचं माप मला तोंडपाठ आहे. माणूस दारात उभा राहिला की त्याचा कोट कुठं उसवायचा ते मी बसल्या जागेवरून सांगते. आणि माझ्या स्वतःच्या पायाचं माप मला ठाऊक नव्हतं. मशीनचं पायडल मारून मारून पाय कधी पसरले ते कळलंच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"मग तिचंही सहाच असणार," मी ह्यांना म्हटलं.

हे खिडकीतले बूट बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "नाही गं. तिचं चारच आहे."

"असं कसं? आठवडाभर घालायची ती."

"पुढं कापूस भरायची. बोटांच्या पुढं. तुला द्यायच्या दिवशी काढून टाकायची. तरी टाच निघायचीच तिची."

फटक-फटक. मी मटकन स्टुलावर बसले.

"तुम्हाला ठाऊक होतं? आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगणार होतो. तीच नको म्हणाली. म्हणे, एकच माप आहे म्हणून आई सगळ्यांना किती आनंदानं सांगतात. राहू द्या ना, बाबा."

मला दुकानातच रडू आलं. लपवलं नाही, लपण्यासारखं नव्हतंही. दवाखान्यात दिवसभर उभं राहून आलेली पोर, आपल्या मापाचे नाहीत असे बूट घालून माझ्या घरात वर्षानुवर्षं चालत राहिली. का, तर माझ्या टाचेला फोड येऊ नये आणि माझा आनंद मोडू नये. अशी पोर मला पाहुणी समजेल? पाहुणी तर माझी मीच होऊन बसले होते. तिनं खुर्ची दिली ती माझे पाय तिला ठाऊक होते म्हणून. माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

आणि मग मला दुसरी गोष्ट सुचली, जी इतके दिवस रागाच्या भरात सुचलीच नव्हती. लग्नाच्या दिवशी तिच्याकडून पाहुण्यांच्या स्वागताला दारात उभं राहायला होतं कोण? आईवडील लहानपणीच गेलेले. एक भाऊ, तो परगावाहून आदल्या दिवशी येणार आणि हीटर लागले का, खुर्च्या आल्या का, ह्यातच धावणार. पण ह्या गोष्टीसाठी तिनं मला शब्दानं विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारणार? मेलेल्या मुलाच्या आईला म्हणायचं, की माझ्या दुसऱ्या लग्नात दारात उभ्या राहा?

मी नाक पुसलं. "ए मुली, त्या सँडल ठेव आत. थंडीत तासन्‌तास उभं राहायचं असेल तर काय घालतात?"

मुलगी पहिल्यांदा हसली. घोट्यापर्यंतचे, गर्द तपकिरी बूट घेऊन आली. तळ जाड आणि सपाट, म्हणजे ओल्या गवतात रुतायला नको. आत लोकरीचं अस्तर. जाड मोजा घालूनही बोटं हलतील एवढी जागा. अस्तराची शिवण मी बोटानं चाचपून पाहिली. काम चांगलं होतं.

ह्या वेळी जोडा मऊ करून द्यायला घरात कुणी नव्हतं. मीच तो आठवडाभर घालून मशीनवर बसले. एक फोड आला. हे पेपरामागून म्हणाले, "पाय उचलून चाल." मी पेपर ओढून घेतला, पण हसू आलंच.

लग्नाच्या दिवशी तळ्यावरून असा वारा सुटला होता की कान जागेवर आहेत का ते चाचपावं लागत होतं. पाहुण्या बायका नाजूक टाचांनी हिरवळीत रुतत, एकमेकींना धरत हीटरकडे पळत होत्या. आमच्या जाऊबाईही त्यांतच होत्या. फाटकाच्या एका बाजूला मुलाकडची माणसं ओळीनं उभी, काका, मावश्या, शेवटी शाल लपेटलेली त्याची आत्या. दुसऱ्या बाजूला कुणीच नाही. येणारा माणूस त्या बाजूला बघायचा आणि नजर वळवून पुढं जायचा.

"या, या," आत्याबाई हसून म्हणाल्या. "मुलाकडचे की मुलीकडचे?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागच्या लग्नात आम्ही मुलाकडचे होतो. छाती काढून आलो होतो. तो मुलगा आठवला आणि वाटलं, सरळ हीटरजवळची खुर्ची गाठावी. जाऊबाई मान वळवून बघतच होत्या.

"मुलीकडचे," मी म्हटलं.

"तिच्या कोण तुम्ही?"

"आई."

हे खाकरले. मी वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर दोघंही तिथंच रडलो असतो. मी पलीकडे गेले आणि त्या मोकळ्या बाजूला आत्याबाईंच्या समोर उभी राहिले. हे माझ्या शेजारी. येणाऱ्यांना मी हात जोडून या म्हणू लागले. तिच्या दवाखान्यातल्या मुली आल्या, डॉक्टर आले, शाळेतल्या मैत्रिणी आल्या. तिच्याकडची म्हणून किती माणसं निघाली!

तेवढ्यात कुणीतरी आत जाऊन सांगितलं असावं. नटलेली, थंडीनं नाक लाल झालेली माझी पोर हिरवळीवरून धावत आली आणि दोन पावलांवर थांबली. रिकामी असणार म्हणून तिनं मनाची तयारी केलेली बाजू भरलेली होती.

"आई, तुम्ही उभ्या कशाला? तिकडं बसा ना. तुमचे पाय..."

"पाय उबेत आहेत माझे," मी म्हटलं. "तू आत जा. तुझी माणसं बघायला मी आहे."