वृंदावनाची नळाकडची बाजू

बरकतपुऱ्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर सुशीलाचं तुळशीवृंदावन आहे. पांढऱ्या संगमरवराचं, तिने हट्टाने आणवलेलं. ती गेल्यावर तुळशीला पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी ते पहिल्यांदा जवळून पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. दगडाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते.

मी जन्मभर तारनाक्याच्या एका प्रयोगशाळेत आम्लवर्षेवर काम केलं. त्यामुळे गुन्हेगार कोण, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. कोळसा आणि डिझेल जळलं की गंधकाचे, नायट्रोजनचे वायू वर जातात आणि ढगातल्या पाण्यात आम्ल होऊन खाली येतात. त्याने तळ्यातले मासे मरतात, मातीचा कस जातो. संगमरवर तर काय, एका जातीचा चुनखडकच, तो झिजतो. कारखान्याच्या धुराड्यात चुन्याचं पाणी फवारलं तर बरंचसं गंधक तिथेच अडतं, पण खर्चाचं नाव काढलं की मालकांना कापरं भरतं. हे मी इतक्या जणांना ऐकवलंय की सुशीला म्हणायची, "अहो, त्या भाजीवाल्याला तरी सोडा."

आता ऐकायला कुणी नव्हतं. घर खायला उठायचं. मग मी पावसाच्या मागे लागलो. रागवायला कुणीतरी मिळालं म्हणून बरंच वाटत होतं मला.

पाऊस आला की गच्चीवर काचेचं भांडं ठेवायचो आणि त्यात आम्ल तपासायचा कागद बुडवायचो. स्वच्छ पाऊसही किंचित आंबटच असतो, हवेतला कर्बवायू विरघळल्यामुळे. हा तेवढाच आंबट निघाला. मी मानलं नाही. कोटीच्या बाजारातून नवा कागद आणला, तोही तेच सांगू लागला. मी म्हटलं, पूर्वीच्या पावसाने खाल्लं असेल.

केतकीचा पुण्याहून फोन आला. "बाबा, घासून पॉलिश करून टाका ना. आईच्या वर्षश्राद्धाला आम्ही येऊ तेव्हा छान दिसू दे." मुलगी येणार म्हटल्यावर मी लगेच सलीमभाईला बोलावलं. तो घासायचं मशीन घेऊन आला.

"किधर से चालू करूं साब?"

दाखवायला म्हणून मी वृंदावनाला एक फेरी मारली आणि भिंतीकडच्या बाजूला थबकलो. तिथे दगड गुळगुळीत होता. बाकीच्या दोन बाजूही तशाच. इतके दिवस मी भिंग घेऊन खड्डेच बघत होतो. नसलेले खड्डे कोण बघतो? पाऊस तर चारही बाजूंना पडतो. खड्डे फक्त नळाकडे होते.

नळापाशी पाट टाकून सुशीला दर शुक्रवारी देवाची पितळी भांडी घासायची. चिंचेचा भिजवलेला गोळा वृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवायची. चिंचेतही आम्ल असतं, आणि ते आभाळातून आलं की स्वयंपाकघरातून, हे दगड विचारत नाही. गोळा ठेवायच्या जागी सगळ्यांत खोल खड्डा होता. मी त्यात बोटं ठेवली आणि मला तिची फार आठवण आली.

सलीमभाईने मशीन सुरू केलं. मी कट्ट्यावर दोन्ही हात ठेवले.

"नक्को, सलीमभाई."

"क्या हुआ साब? आपीच तो बुलाए."

"ये बीवी के हाथ का है. रहने दो."

त्याने मशीन बंद केलं आणि वायर गुंडाळली. चहाला थांब म्हटलं, तर त्याला नारायणगुड्यात दुसरं काम होतं. तो गेल्यावर गच्ची पुन्हा गप्प झाली. आता पावसावरही रागावता येणार नव्हतं.

शुक्रवारी मी देवघरातली समई काढली. सुशीला गेल्यापासून कुणी घासली नव्हती, पार काळवंडली होती. चिंच भिजवली, नळापाशी पाट टाकून बसलो. चिंचेचा गोळा त्या खोल खड्ड्यात ठेवला, तो नेमका बसला.

चिंचेचं पाणी दगडावरून ओघळू लागलं. ते संगमरवराचं काय करतं, हे मला अख्ख्या बरकतपुऱ्यात सगळ्यांत चांगलं ठाऊक आहे. मी ते पुसलं नाही.