लाल तळवा

कसब्यातल्या त्या बोळात चपलांचा ढीग पडला होता. आत श्यामसुंदर महाराज लहानमोठ्या सगळ्यांच्या तळव्यांना हळद चोळत आणि वर तीर्थाचे थेंब सोडत. मुलांचा पिवळा तळवा बघता बघता लालभडक!

"बाधा!" महाराज गरजत. "लेकरू आतल्या खोलीत पाठवा. एकटं. आतलं बाहेर बोलायचं नाही. बोललं की बाधा आईवर उलटते!"

गर्दी हात जोडी. अपूर्वाला मात्र चैन नव्हतं. मोठ्यांचे तळवे पिवळेच कसे राहतात? बाधा काय वय विचारून येते? शिवाय शेजारच्या हेमाचा तेजस आत जाऊन आल्यापासून आईला सोडतच नव्हता. आत्ताही तिच्या ओढणीत तोंड खुपसून बसला होता.

अपूर्वाची लेक सोनू झोपेत दचकते म्हणून सासूबाई, यमुनाबाई, तिला इथे घेऊन आल्या होत्या. तिचा तळवा लाल झाला.

"जा गं बाळा आत," यमुनाबाई म्हणाल्या.

"मीही येते."

"आईची सावली चालत नाही," महाराज हसले.

"मग सावली बाहेर ठेवून येते."

"अगं, शिकलीस म्हणून देवाशी वाद घालशील?" यमुनाबाईंनी दटावलं.

"देवाशी कुठे, आई? यांच्याशी."

मोठ्यांचं तीर्थ तांब्यातून आणि मुलांचं गडूतून, हे तिने मघाच हेरलं होतं. तिने गडू उचलला आणि हळद लावलेल्या स्वतःच्या तळव्यावर उपडा केला. लाल!

"घ्या, मलाही बाधा! न्या की आता मला आत, एकटीला!"

अपूर्वा सासूबाईंकडे वळली.

"आई, हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं?"

"लाल होतो," यमुनाबाई पुटपुटल्या. जन्मभर ते डाग धुतलेल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. गडूत तीर्थ नव्हतं, चुन्याची निवळी होती; तीही हळद तशीच लाल करते.

महाराज मागच्या दाराकडे सरकले, पण बायकांतल्या कुणीतरी आधीच बाहेरून कडी घातली होती. अपूर्वाने पोलिसांना फोन लावला.

हेमाने तेजसला बाहेर, बाजूला नेलं. "आत काय झालं रे, राजा?"

"सांगितलं तर तू मरशील."

"नाही मरत. सांग."

तो अडखळत सांगत गेला. हेमाने एकदाही 'आधी का नाही बोललास' असं विचारलं नाही. सगळं सांगून झालं. आई जिवंतच होती.

बायांनो, चुना ओळखायला चुकलात तरी चालेल. पण मुलाला एकटं मागणारा, 'आईला सांगू नकोस' म्हणणारा माणूस ओळखा, मग तो महाराज असो, मास्तर असो की घरातला. त्याची सगळी जादू मुलाच्या गप्प राहण्यात असते. मुलाला बोलू द्या. आणि ते बोललं की त्याच्यावर विश्वास ठेवा.