गोधडीची खोली

आल्फॉन्सच्या गोधडीवरचा तारा निम्मा शिवून झाला होता तेव्हा कर्स्टन बायकांच्या शिवणाच्या खोलीत आली. कर्स्टन म्हणजे समाजकेंद्राची संचालिका, गोरी पोरगी, गुणाची, तिशीची. मागे समितीचे दोघे. हातात लाल कापडाची पुरचुंडी. दोन्ही तळव्यांवर धरून तिने ती डेल्मापुढे केली. डेल्मा सत्तरीची, कॅनडातल्या क्री आदिवासींमधली वडीलधारी. पाहुण्यांसमोर पोरीचा हात तसाच कसा ठेवायचा, म्हणून तिने सवयीने पुरचुंडी घेतली. आत तंबाखू होती; ती घेतली की मागितलेलं करायचं, असा क्री लोकांचा रिवाज.

मग कर्स्टन बोलली. क्री भाषेत आजीला कोकुम म्हणतात, ते ती शिकली होती. "कोकुम, आम्ही सलोख्याची खोली उघडतोय, गोऱ्यांच्या आणि तुमच्या लोकांच्या सलोख्याची. तीस तारखेला. प्रार्थना तुम्हीच म्हणायची."

"कुठली खोली?"

"हीच की!"

डेल्माच्या नणंदेने, रोडाने, सुई गोधडीत टोचून ठेवली. "आणि आम्ही कुठे? छतावर?"

"तळघरात जागा केलीय, रोडा आजी. आणि गोधडी ताणायची ही चौकट आम्ही इथून नेणारच नाही. भिंतीला उभी लावू, गोधडी अर्धी आहे तशीच. येणाऱ्यांना तुमचं काम चालू असलेलं दिसेल."

"चालू काम भिंतीवर," रोडा म्हणाली. "मलाही लावा शेजारी. अर्धी तर मीही झालेच आहे."

समितीचे दोघे हसले. कर्स्टनही हसली. डेल्मा पुरचुंडीकडे बघत राहिली. आल्फॉन्स म्हणजे रोडाचा धाकटा भाऊ. तो इस्पितळात होता आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. मातीत जाताना ताऱ्याची गोधडी अंगावर हवी, एवढंच त्याने मागितलं होतं. आठ फुटांची ती चौकट कुणाच्याच घरात मावत नव्हती. तळघराचा जिना तर तिच्याहून अरुंद.

घरी जाताना गाडीत रोडा म्हणाली, "परत दे ती तंबाखू."

"परत देतात का कधी?"

"काय मागतेय ते आधी ऐकायचं, मग हात पुढे करायचा. एवढी म्हातारी झालीस, वहिनी, तरी हात आपला पुढे. दादाशी लग्न केलंस तेव्हाही असंच केलंस."

डेल्माला हसू आलं आणि लगेच गेलं.

सोमवारी ती कर्स्टनकडे गेली. "पंधरा दिवस थांब. गोधडी पुरी होऊ दे."

"पत्रिका गेल्या हो, कोकुम. महापौर येणार आहेत." कर्स्टनचे डोळे भरून आले. "तुमच्या मनात नसेल तर सरळ नाही म्हणा. तुमचा शब्द आम्ही मोडणार नाही."

"आता नाही म्हणता येत नाही, पोरी. तंबाखू घेतलीय मी."

"पण मी आधी दिली ना? प्रशिक्षणात तसंच शिकवलंय. आधी तंबाखू, मग विनंती."

"आधी हातात धरायची. मग मागायचं. घ्यायची की नाही, ते समोरच्याने ठरवायचं."

कर्स्टनने ते वहीत लिहून घेतलं. "पुढच्या वेळी लक्षात ठेवीन," ती म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली.

बायकांनी भिंतीसाठी रिकामी चौकट ठेवली आणि गोधडी टाके उसवून सोडवून आणली. डेल्माच्या पलंगावर ती पसरली. ताण नसल्यामुळे कापड गोळा व्हायचं, एक टोक बसवलं की दुसरं सरकायचं. दिवसभर शिवायचं आणि संध्याकाळी निम्मं उसवायचं, असं चाललं.

तीस तारखेला खोलीत नवा रंग होता, खुर्च्या गोलात होत्या. डेल्मा उभी राहिली. प्रार्थनेत राग मिसळता येत नाही, त्यामुळे जे येतील त्यांचं भलं होवो असं तिने आपल्या भाषेत खरोखरच मागितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रार्थनेला टाळ्या वाजवत नाहीत, पण आता कुणाकुणाला सांगणार?

दारात रोडा उभी होती, फोन हातात. "गेला," ती म्हणाली. "शनिवारी माती." फोन पिशवीत टाकत म्हणाली, "ताऱ्याची दोन टोकं राहिलीत. पलंगावर नाही व्हायची, वहिनी. विचार तिला. दोनच दिवस."

डेल्माने कर्स्टनला शनिवारच्या मातीचं सांगितलं आणि दोन दिवस खोली आणि चौकट मागितली. कर्स्टनने आधी तिला मिठी मारली, आल्फॉन्ससाठी हळहळली, मग खोलीची नोंदवही उघडली. उद्या आणि परवा शाळांची मुलं येणार होती, सलोखा म्हणजे काय ते शिकायला. शनिवारी समितीची बैठक.

"पुढचा गुरुवार मोकळा आहे," ती म्हणाली. "दिवसभर. चौकटसुद्धा भिंतीवरून काढून देईन. चालेल?"

डेल्माने दारातल्या रोडाकडे पाहिलं. कर्स्टनला वाटलं, चालेल. तिने गुरुवारच्या रकान्यात डेल्माचं नाव लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि वही तिला दिसावी म्हणून तिच्याकडे वळवली.

रोडा अजून दारातच होती. तिच्यापर्यंत दहा पावलं होती. डेल्मा ती चालायला लागली.